फडा आडवाच राहू दे

अकोला, बुधवार

प्रिय पौर्णिमा,

तू फोनवर म्हणालीस, की कॉलेजच्या प्रकल्पासाठी 'झाडणे' हा शब्द लोक कुठे कुठे वापरतात ते हवे आहे, आणि फड्या-खराट्यांच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्या माणसाहून हे जास्त कोण सांगणार? ऐकून बरे वाटले. मग म्हणालीस, "केयूरलाही आवडेल." तिथे बरे वाटायचे थांबले. तरी लिहितो. शाळा अकरावीत सुटली असली तरी माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत. तुझ्या कॉलेजातल्या त्या वकिलाच्या मुलाला लाल पेन काढावे लागणार नाही.

दुकानापासूनच सुरू करतो. घर झाडायला फडा, अंगण झाडायला खराटा. काल पंचफुलाबाईंनी खराटा जमिनीवर ओढून पाहिला आणि मालकांना म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, हा आंगन झाडीन का सोताच झडीन?" सगळे हसले. त्या गेल्यावर मालकांनी मला झाडले, "माल पाहून घेत जा ना बे! कावून असा हरवल्यावानी बसून राहिला?" रागावण्यालाही आपण झाडणेच म्हणतो, हे तुझ्या यादीत घाल. मी कशाने हरवलो होतो ते घालू नकोस.

आमचे बाबा तीळ झाडतात. वाळलेली पेंढी उलटी धरून ताडपत्रीवर हलकेच हलवायची. आपटली तर तिळापेक्षा कचराच जास्त पडतो. पावसाळ्यात चप्पल झाडून पायात घालायची, आत विंचू असतो. काम अंगाशी आले की हात झाडून मोकळे होणारेही असतात. आणि झाडून सारे म्हणजे एकालाही न वगळता. आमच्या घरचे झाडून सारे येत्या रविवारी वलगावला तुमच्याकडे येणार आहेत, आपल्या साक्षगंधाची तारीख काढायला. आईने नव्या साडीला फॉल लावून घेतला आहे.

तू आधी त्याचे आडनावासकट नाव घ्यायचीस, 'तो केयूर देशपांडे' असे. मग आडनाव गेले. आता तर 'तो म्हणत होता' इतकेच म्हणतेस आणि मला कळेल असे धरून चालतेस. कळते मला. त्याची बुलेट काळी आहे, तो चिखलदऱ्याची कॉफी पितो आणि तुला पुस्तके आणून देतो, हे सगळे मला तुझ्याकडूनच कळले. मी दिलेले काय तुझ्या बोलण्यात येते, ते शोधत बसतो. गेल्या दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजायला एक चांगला, घट्ट बांधलेला फडा आणला होता. तो तेवढा आठवतो.

मागच्या रविवारी संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आलो होतो. तू पोहे दिलेस. माझ्या ताटलीतून दोन-चार शेंगदाणे खाली पडले, ते मी वेचून खिशात टाकले. श्रावणी हसली, "जिजाजी तं फड्याले कामच ठेवत नाही!" मी निघालो. पिठाच्या चक्कीपाशी पोचल्यावर आठवले, मफलर तुमच्या खुंटीवरच राहिला. परत फिरलो. दार उघडे होते. तू समोरची खोली झाडत होतीस, आतून उंबऱ्याकडे, भराभर. हातात मीच आणलेला फडा होता. मी हाक मारली नाही. मफलर न घेताच फाट्यावर आलो. बसची वाट पाहत होतो, तेवढ्यात काळी बुलेट तुमच्या गल्लीकडे वळली.

माणूस घराबाहेर पडला की लगेच झाडत नाहीत. आमची आई म्हणते, "मेल्यामागं झाडतेत, जित्यामागं नाही." हे तुला माहीत नसेल असे मी मनाला समजावले असते. पण पोळ्याच्या दिवशी मी चपला घालत असताना श्रावणीने फडा उचलला, तेव्हा तूच आतून ओरडली होतीस, "ठेव तो! त्याले फाट्यावर तं पोचू दे आधी!" ते ऐकून अकोल्यापर्यंत बसमध्ये मी उभाच होतो, आणि पाय दुखले नाहीत.

म्हणून हे लिहितो. प्रकल्पाचे निमित्त तू दिलेस. शनिवारी दुपारी मी मफलर न्यायला येतो. मी काही विचारणार नाही, तूही सांगू नकोस. निघाल्यावर चक्कीपाशी थांबून मागे पाहीन. तिथून तुमची समोरची खोली दिसते. फडा दारामागे आडवाच राहिला, तर रविवारी आई नवी साडी नेसून येईल आणि केयूरचे नाव मी पुन्हा काढणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन. पण तू फडा हातात घेतलास, तर घरी जाऊन सांगेन, "मलेच नाही करायचं हे लग्न." मुलगी नाही म्हणाली की झाडून सारे गाव तिलाच बोलते. मला बोलू दे. आई रडेल, बाबा झाडतील, तुझे वडील, भगवंतरावकाका, पुन्हा माझे तोंड पाहणार नाहीत. ते मी सोसेन. तुझ्यावर येऊ देणार नाही. फक्त झाडणे खरे असू दे, कुणाला बरे वाटावे म्हणून फडा तसाच ठेवू नकोस. बाकी सगळे उपयोग केयूरला दे. माणूस गेल्यावरचा हा एक देऊ नकोस.

शनिवारपर्यंत तरी तुझाच,
शिवम