टिक-टिक इंजिनात नव्हतीच

मंगळवार, जामसर

सापडली! माझ्या बाइकची ती टिक-टिक सापडली, आणि मीच शोधली! मोखाड्याचा मेकॅनिक म्हणत होता, "इंजिन खोलायला लागेल ताई, चार दिवस गाडी ठेवा." चार दिवस? उद्याच तर वांगणीला बाळांना डोस द्यायचेत. मी गाडी तशीच घेऊन निघाले.

वाटेत पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला दिसला, म्हणून उतारावर इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलला सोडली. सगळं शांत. आणि त्या शांततेत टिक... टिक... टिक! बंद इंजिन कसं वाजेल? उतार संपला तशी टिक-टिकही मंदावली. म्हणजे आवाज चाकाचा!

घरी येऊन मागच्या चाकाचा एकेक स्पोक बोटाने वाजवून पाहिला. सगळे खणखणीत, एकच ढिला. पान्याने आवळला, चक्कर मारली. टिक-टिक गायब!

नवरा तर माझ्याहून खूश. "पण चाकात आहे हे तुला कळलं कसं गं?"

आता काय सांगू? उतारावर गाडी बंद करून सोडायचा म्हणून गेल्या वर्षी मीच त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली होती. अजून पाळतोय बिचारा.