बासीचं पाणी

१२ मे, मंगळवार

ऑफिसातून आली तर हॉलमधल्या लाइटखाली लावलेल्या पालक-भाजीच्या टबातून गांडुळं काठावर चढून राहिली होती. आपल्याच मातीतून पळून राहिली होती. काहून? आता लिहितानाबी तो काठच दिसून राहिला.

सासूबाई म्हणल्या, "मीच टाकलं बासीचं पाणी. रात्रीचा भात भिजवला होता नं, त्याचं. म्हटलं, उन्हाळ्यात त्यायलेबी ठंडक भेटन."

बासीत मीठ असते आई! मिठानं गांडूळ मरते.

पण ओरडू कशी? पालकावरची मावा कीड खायले आणलेले लेडीबर्ड आईले चालले, रंगीत म्हणून. गांडुळांवरून मात्र वर्षभर "घरात किडे पाळते" हेच ऐकलं मी. आज पहिल्यांदा त्यायनं जेवू घातलं, तर हे असं.

वरची माती फेकली. खालच्या भोकातून वाहेपर्यंत साधं पाणी ओतलं, तीनदा. काठावरची एकेक उचलून ओल्या पुठ्ठ्यात ठेवली. मेलेली मोजली नाही, जगलेली सतरा. पुरे आहेत. टब मी बंद करत नाही.

आईले एवढंच सांगतलं, "उद्यापासून त्यायचा वाटा मीठ टाकायच्या आधी काढत जा."

"हव," म्हणल्या. मग काठाकडे पाहत हळूच, "किती काढू?"