पाण्याचं दूध आणि बॅटरीचा उजेड

प्रिय धम्मशीला,

सप्रेम जय भीम. पुण्यात शाळेच्या मुलांपुढे तू केलेलं भाषण शेजारच्या देवानंदनं मोबाईलवर पाठवलं. चारदा पाहिलं. पाचव्यांदा लावलं तर तुझी आजी म्हणाली, "पोरगी कुठी पळून नाही चालली, अगुदर जेवून घे." एक जुनी गोष्ट तुझ्याशी बोलायची आहे. फोनवर धीर होत नाही, म्हणून हे पत्र.

उंदराच्या जिवंत मेंदूत मिलिमीटरभर खोल तू एकेक पेशी पाहतेस! मला वाटायचं, उजेड पाडला की दिसतं. पण तू सांगितलंस, मेंदूत पाणी आणि चरबी शेजारी शेजारी; त्यातून जाताना उजेड वाकतो, भरकटतो आणि आतलं सगळं धूसर होतं. तांबड्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश कमी भरकटतो, म्हणून खोल पोचतो. मी लगेच बॅटरीवर तळहात धरला. बोटं लालभडक! आजीलाही दाखवली. एवढं अवघड किती सोपं करून सांगतेस गं! खरंच, फार अभिमान वाटला.

मग तू दोन ग्लास मांडलेस. नुसत्या दुधात उजेड तिथल्या तिथे पसरला. पाण्यात थेंबभर दूध टाकलेल्या ग्लासातून मात्र सरळ रेघ आरपार. मेंदूआधी आम्ही दुधावरच करून पाहतो, म्हणालीस. आणि हसून म्हणालीस, मी हे पहिल्यांदा चौथीत केलं, बाबांच्या दूध केंद्रावर.

मी मोबाईल खाली ठेवला. अमडापूरच्या केंद्रावर मी दूध मोजायचो तेव्हा, आपल्या हातून दूध जातं म्हणून आधीच चार घरं नाकं मुरडत. त्यात त्या सकाळी आपल्याच म्हशीच्या दुधाच्या बादलीत पाणी, आणि शेजारी तू. एका हातात तांब्या, दुसऱ्यात बॅटरी. मला फक्त तांब्या दिसला. चारचौघांत तुझ्या कानाखाली वाजवली, चोरटी म्हणालो. आजी ओरडत होती, "पोरीले काऊन मारतं? इचार तं खरं!" मी विचारलं नाही. त्यानंतर तू केंद्राची पायरी चढली नाहीस, आणि मीही कधी बोलावलं नाही.

भाषणात त्या थपडेबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. पोरी, माझं चुकलं. तेव्हा विचारायचं होतं ते बावीस वर्षांनी विचारतो. त्या सकाळी बादलीत उजेड किती खोल गेला होता गं?

उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा