अर्जदाराची मापे घेतल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
प्रौढांचे सायंकालीन कलावर्ग,
वाचनालयाची इमारत, दुसरा मजला.

विषय : विद्यार्थिनीने पतीची मापे घेतल्याबाबत खुलासा मिळणेबाबत.

संदर्भ : माझा यापूर्वीचा अर्ज, जो पत्नीच्या हस्ते पाठवला होता आणि जो वर्गात कोलाज म्हणून पहिला आला असे समजते.

महोदय,

१. मी निवृत्त लेखापरीक्षक आहे. आयुष्यभर संशय घेण्याचाच पगार घेतला, तेव्हा पुढील मजकुरास तसा वास आल्यास तो सवयीचा समजावा. माझी पत्नी आपल्याकडे ‘आधुनिक व समकालीन कलेतील प्रमुख चळवळी’ शिकत आहे. ‘घरात बसून कंटाळतेस, जा कुठेतरी,’ असे मीच म्हणालो होतो, हे ती साक्षीदारांसमक्ष वारंवार सांगते. मात्र प्रत्येक चळवळ आधी घरी जगावी आणि मग कागदावर लिहावी, हा आपला दंडक तेव्हा मला ठाऊक नव्हता.

२. दृक्प्रत्ययवाद (इंप्रेशनिझम) चालू असताना ती गॅलरीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे सकाळ-संध्याकाळ पाहत असे. “अहो, टाकी तीच, पण उजेड बघा!” मी बघितला. उजेड होता. आत दूध उतू गेले होते.

घनवादात कपाटाचे आरसे काढून माझ्या दोन्ही बाजूंना उभे केले गेले. “हलू नका, आत्ता तुम्ही तीन बाजूंनी दिसताय.” एका तरी बाजूने बरा दिसतो का, या विचारणेस उत्तर अद्याप अप्राप्त आहे. अतिवास्तववादात माझी छत्री फ्रिजमध्ये सापडली. स्वप्नात ती तिथेच होती, असा खुलासा मिळाला. येथवर मी तक्रार केली नाही.

३. त्यानंतर मिनिमलिझम आला. अनावश्यक ते घरातून काढावयाचे होते. प्रथम शोकेस गेले, मग शिलाई मशीन, मग सोफा आणि सोफ्याबरोबर त्यावर कायम मुक्कामास असलेले माझे थोरले बंधू. दिवाणखान्यात आता एक खुर्ची आहे व तीवर मी आहे. पत्नी दारात उभी राहून खुर्चीकडे पाहते, मग माझ्याकडे, मग पुन्हा खुर्चीकडे.

४. सध्या मांडणशिल्प चालू असून सत्रअखेरच्या प्रदर्शनात प्रत्येकाने घरातली एक वस्तू मांडावयाची आहे, असे कळते. गेल्या रविवारी मी खुर्चीत डुलकी घेत असता पत्नीने टेपने माझी उंची व खांदे मोजले. मी झोपेचे सोंग चालू ठेवले. पाठोपाठ तिने वर्गातल्या दंतवैद्य मैत्रिणीस फोन केला : “अगं, जुनीच आहे. लग्नात मिळालेली. एका जागी बसून असते, थोडा आवाज करते, पण चालू आहे.” पलीकडचा प्रश्न ऐकू आला नाही. पत्नी म्हणाली, “छे गं, भंगारवाला कशाला घेतोय!”

लग्नात मिळालेल्या वस्तूंची मी छाननी केली. बाकी सर्व मिनिमलिझमात गेल्या आहेत. मी तेवढा शिल्लक आहे. मेहुण्यास कळवले असता तो म्हणाला, “भावजी, तिथे एसी आहे, बिनधास्त जा.” तोही यात सामील असावा.

५. आपल्या जिन्याखाली गेल्या वर्षीची, कोणी परत न नेलेली कामे धूळ खात पडली आहेत. ती मी समक्ष पाहिली आहेत. माझी भीती मांडले जाण्याची नसून त्या जिन्याची आहे.

६. तथापि एक बाब लपवणे माझ्या पेशास शोभणार नाही. खांद्यावरून टेप नेताना तिचा हात तिथेच थोडा वेळ थांबला. मापासाठी तसे थांबण्याची गरज नव्हती. ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सबब विनंती की, मांडावयाची वस्तू कोणती हे लेखी कळवावे. ती मीच असल्यास प्रदर्शन संपताच मला घरी परत नेण्याची हमी विद्यार्थिनीकडून घ्यावी. आणि आपल्याकडे प्रत्येक कामाशेजारी ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी असते, ती माझ्यापुरती लावू नये.

आपला, तूर्त घरीच असलेला,
(सही)
एका विद्यार्थिनीचा पती
दिनांक : प्रदर्शनाआधीचा सोमवार

सोबत :
१) खुर्चीची छायाचित्रे, अर्जदारासह व अर्जदाराविना (पत्नीच्या मते दुसरे चांगले आले आहे, पण पाकिटात तिने पहिले ठेवले आहे).
२) या अर्जाची जादा प्रत, कात्रीसाठी.