फुली नवऱ्यावर, पत्रिका बायकोला

प्रिय थोरल्या ताई, मानांग फेलिंग,

नमस्कार म्हणून तुझा उजवा हात इथूनच माझ्या कपाळाला लावते. बाळ येशूच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं आल्याचं तेल चोळतेस ना, की बाटली उघडायचीच राहिली? मानोंग इसिद्रोंचा खोकला आणि त्यांचा झुंजीचा कोंबडा, दोघांची प्रकृती कळव. (कोंबड्याची आधी विचारायला हवी होती, नाहीतर तुझे यजमान रागावतील.)

तुझं पाकीट मिळालं. माझ्याच पोरीच्या लग्नाची, एकट्या तुझ्या नावाची पत्रिका परत, आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने एकच ओळ, "माझा नवरा जिवंत आहे, मी विधवा नाही." मानांग, ती ओळ वाचता वाचता चुलीवरचा भात करपला. रोवेना तर पत्रिका हातात घेऊन जिन्यातच बसली, म्हणाली, "तिया फेलिंग आली नाही तर मी वेदीपर्यंत चालतच जाणार नाही, मग तुम्हीच करा लग्न." आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, नंतर या पोरीच्याही घातल्यास, तेव्हा तिचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. म्हणून सगळं मुळापासून लिहिते. शेवटपर्यंत वाच, मध्येच चुलीत घालू नकोस.

मूळ म्हणजे आमचा तेबान. संध्याकाळी नारळाची माडी घशाखाली उतरली की हा भेटेल त्याच्या गळ्यात पडतो आणि म्हणतो, "पारे, दोस्ता, माझ्या पोरीच्या लग्नात निनोंग तूच!" असा एक एक धर्मबाप झाला, आणि धर्मबाप आला की त्याची बायको धर्ममाय म्हणून आपोआप आली. (जीपवाल्याला तर त्याने दोनदा विचारलं, आणि तो दोन्ही वेळा हो म्हणाला.) यादी पाहून पाद्रे आन्सेल्मोंनी चष्मा काढला. "पुरिंग, निनोंग-निनांगना पुढचे दोन बाक. त्यात मावतील तेवढेच. हा संस्कार आहे, मिरवणूक नव्हे." शिवाय जेवणाच्या डुकराचा हिशोब माझ्याकडे, आणि डुक्कर काही पाद्रेंच्या प्रार्थनेने वाढत नाही. तेव्हा यादी कापणं आलंच.

मी पेनने खोडणार होते. पण आपला होणारा जावई रोमेल (गुणी पोरगा आहे, माझ्या हातची मासळी दोनदा मागून खातो) शहरात संगणकाचे प्रोग्राम लिहितो ना, त्याला सासूला खूश करायचं होतं. "आई, तुम्ही फक्त फुल्या मारा, बाकी यंत्र करेल, पत्रिकासुद्धा तेच छापेल." मी सवयीप्रमाणे घर धरून नावं लिहिलेली, नवरा वर, बायको लगेच खाली. ज्या घरांना गाळायचं तिथे दोघांवर फुली. रोमेलने मला समजावलं की त्याच्या यंत्रात प्रत्येक पाहुणा म्हणजे एक ऑब्जेक्ट. म्हणजे ज्याची त्याची पुरचुंडी, नाव, पत्ता, आणि आपल्यावर फुली आहे की नाही हे ज्याचं त्याने सांभाळायचं. यंत्र फक्त वरून खाली विचारत जातं, "काय हो, तुमच्यावर फुली आहे?" आणि जो हो म्हणेल त्याला यादीतून काढतं. (इतकी खरं बोलणारी माणसं आपल्या गावात असती तर पाद्रेंना काम उरलं नसतं.)

पत्रिका गेल्या. दुसऱ्याच सकाळी शेजारची सोलेदाद पत्रिका मिरवत फाटकाशी हजर, आणि तिच्या मागे टोपी हातात घेतलेला तिचा नवरा. "पुरिंग, माझं काही चुकलं का गं?" असं त्याने इतक्या दीनवाण्या आवाजात विचारलं की मी त्याला कॉफी दिली, तीही साखर घालून. मग दुसरा आला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत फुलीवाल्या घरांतले सगळे नवरे आमच्या कैमितोच्या झाडाखाली तेबानभोवती सुतक असल्यासारखे बसले होते, आणि त्यांच्या बायका एकाच रंगाचं कापड घेऊन शिंपिणीकडे गेल्या होत्या. सोलेदाद मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला याच्याशिवाय बोलावलंय. चूक असली तरी दुरुस्त करू नकोस हं!"

रोमेलचा चेहरा उतरला. जेवला नाही, मासळीसुद्धा नाही. शेवटी चूक सापडली, आणि मला कळावी म्हणून त्याने आपल्याच चर्चमधला पवित्र आठवड्यातला कबुलीजबाबाचा बाक उदाहरणाला घेतला. बाकावर माणसं ओळीने बसलेली. पहिल्या जागेवरचा उठून आत गेला की सगळे एकेक जागा पुढे सरकतात. दुसऱ्या जागेवरची बाई आता पहिल्या जागेवर. पण पाद्रेंच्या लेखी पहिली जागा झाली, ते हाक मारतात, "दुसरी जागा!" म्हणजे ती बाई राहिलीच. तिला कुणी विचारलंच नाही, ती आपली पापं पदरात घेऊन तशीच घरी. यंत्राने हेच केलं. नवऱ्याला काढलं, बायको त्याच्या जागी सरकली, आणि यंत्र पुढच्या जागेकडे निघून गेलं. एकच माणूस काढायचा असता तर काही बिघडलं नसतं, एकाला लागून दुसरा काढायला गेलं की घोळ.

उपाय सोपा होता म्हणे. बाकाच्या शेवटच्या टोकाकडून हाका मारत यायचं, म्हणजे सरकणारी माणसं आधीच विचारून झालेली असतात. किंवा कुणाला उठवायचंच नाही, ज्यांना ठेवायचं त्यांना शेजारच्या रिकाम्या बाकावर बोलवायचं. आम्ही दुसरा उपाय घेतला. रोमेलने विचारलं, "आई, नव्या बाकावर पहिलं कोण?" मी तुम्हा दोघांची नावं सांगितली. रोवेना साक्षीला आहे.

तेव्हा मानांग, दोष यंत्राचा, माझा नव्हे. सोबत नवी पत्रिका आहे, मानोंगांचं नाव वर, तुझं लगेच खाली. राग सोड, बोटीत बस आणि ये. मानोंगांच्या कोंबड्यालाही आमच्या अंगणात जागा आहे, फक्त चर्चमध्ये शर्टाखाली नको, बारशाच्या वेळचं पाद्रे अजून विसरले नाहीत.

तुझी धाकटी,
पुरिंग

ता. क. पत्र बंद करायच्या आधी रोमेलने वाचलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "आई, पण यंत्राने ज्याच्यावर फुली नाही अशा कुणालाच काढलं नाही. हे वाचून तिया फेलिंगना कळेलच की मानोंगांवर फुली होती." शिकलेला जावई असला की असं होतं. होती, मानांग. पण मी तुझ्या नवऱ्याला गाळून तुला ठेवलं हा तुझा आरोप मात्र साफ खोटा आहे. फुली तुझ्यावरही होती, तू फक्त सरकल्यामुळे वाचलीस.

दुसरा ता. क. रागावू नकोस. मी हिशोब असा केला की तू तर आदल्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात असणारच, आपल्याच हाताला कुणी पत्रिका पाठवतं का? पुढच्या बाकावर तुझी जागा धरायचं मला सुचलंच नाही. रोवेनाला सुचलं असतं. आता बाकावर दाटी होईल, तू माझ्या मांडीवर बस, लहानपणी मी तुझ्या बसायचे तशी.

तिसरा ता. क. येताना आईची मोठी लोखंडी कढई आण. फुलीवाले सगळे नवरे परत यादीत आलेत, माझ्या कढईत एवढं मावणार नाही. ती एकटीने उचलत नाही हे तुला माहीतच आहे. दुसरा कान मानोंग इसिद्रोंना धरायला सांग.