हस्तक्षेप करायचा नाही

३ मार्च
काल सकाळी देवाला नमस्कार केला, कॅमेरा पुसला आणि ठरवलं: पन्नाशीच्या आत फोटोपत्रकार व्हायचं. विषय घरातलाच. थोरला भाऊ, गल्लीतला शेवटचा घड्याळजी. त्याच्यावर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी. वर्तमानपत्राचे संपादक 'बघू' म्हणालेत. म्हणजे काम झाल्यातच जमा.

५ मार्च
नियम केला. समोर घडेल ते टिपायचं, हस्तक्षेप करायचा नाही. वहिनी म्हणाली, भाऊजी, यात नवीन काय? घरकामात तुम्ही कधी हस्तक्षेप केलाय? दुर्लक्ष केलं.

८ मार्च
दादा दिवसभर लेन्सकडे बघून हसतो. नेहमीसारखा वाग म्हटलं, तर श्वास रोखून बसतो. शूटिंग शून्य. पण पाया पक्का होतो आहे.

११ मार्च, दुपार
सोन्यासारखा दिवस. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घड्याळाचा स्क्रू दादाच्या चिमट्यातून निसटला. हल्ली त्याला नीट दिसत नाही. चाळीस मिनिटं गुडघ्यांवर फिरत फरशी चाचपत होता. स्क्रू माझ्या डाव्या बुटाशी होता. मला पहिल्याच मिनिटाला दिसला. नियम पाळला. हात जराही हलला नाही.
मग बाई आल्या. दादाने मान खाली घालून घड्याळ तसंच परत दिलं. तेही टिपलं.

१२ मार्च
दादा म्हणाला, डोळ्यांनी दगा दिला, महिनाअखेर दुकान बंद करतो. फिल्मला शेवट मिळाला.
जपात मन लागलं नाही. उकाडा फार आहे.

१६ मार्च
संपादकांनी फिल्म पाहिली. मध्येच थांबवून विचारलं, स्क्रूशेजारचा हा बूट कोणाचा? माझा, म्हटलं. त्यांनी चहा मागवला. एकच.
नोकरीचं बोलणं राहून गेलं.

१९ मार्च
दादाला स्क्रूचं सांगायचं ठरवलं. सांगितलं तर कदाचित दुकान चालू ठेवेल. गेलो. गिऱ्हाईक होतं. परत आलो.

२२ मार्च
दादा जेवत होता. जेवताना असलं काही सांगू नये.

२६ मार्च
सांगायचं हे नक्की. तोंडी की लेखी, एवढंच ठरायचं आहे.

३१ मार्च, संध्याकाळ
सांगितलं. दादा रिकामं टेबल पुसत होता. पुसायचा थांबला नाही. हाक का नाही मारलीस, म्हणाला. मी नियम सांगितला. मोठ्याने म्हटल्यावर तो एका वाक्यात संपला.
कॅमेरा चालू आहे का, एवढंच त्याने विचारलं. नाही, म्हटलं.
बरं, म्हणाला, आणि शटर ओढायला उठला.