रणगाड्याच्या पोटाखाली

तीर्थरूप सर्जेराव दाजींना,

चिंतामणचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला पट्टी आहे, तो अर्धाच जोडला असे समजावे). पळसदेवला तुम्ही आणि अक्का सुखरूप असाल, डाळिंबाला फूल चांगले धरले असेल. इकडे बारामतीत सर्व ठीक. फक्त फाटकाची कडी वाजली की मी मोरीत जाऊन उभा राहतो.

रणगाड्यांची छोटी मॉडेल्स करायला लागायचे तर कोणती पुस्तके घ्यावीत, असे तुम्ही विचारले होते. दाजी, आधी रंगांचे पुस्तक घ्या, कारण सैन्याचा हिरवा आणि आपल्या ट्रॅक्टरचा हिरवा यात फार फरक असतो. मग मापांच्या आराखड्यांचे घ्या. पण दोन घेऊ नका! मी दोन घेतली आणि तिथेच माझे ग्रह फिरले. एका पुस्तकात रणगाड्याच्या पोटाला गोल झाकणे, दुसऱ्यात चौकोनी. फोटोंच्या पुस्तकात सगळ्या बाजू होत्या, पोट मात्र नव्हते. (टेबलावर ठेवलेल्या मॉडेलचे पोट कोण बघणार, असे मंदाकिनी विचारते. मी बघणार.) झोप उडाली. शेवटी बँकेत जातो असे तिला सांगून मी इंदापूरची एसटी धरली. तिथे एका बागेत शोभेला जुना रणगाडा ठेवला आहे.

टेप, बॅटरी आणि दोन्ही पुस्तके घेऊन मी खाली सरपटत शिरलो. झाकणे गोलच निघाली. आनंदाने वळायला गेलो आणि पाठीमागे शर्ट कशात तरी अडकला. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. नाकावर सगळे लोखंड. हा खाली बसला तर, एवढेच मनात येऊ लागले. तेवढ्यात पहारेकरी सिद्धूला माझे पाय दिसले.

"ओ काका, तितं काय करताय?"

"पोटाची मापं घेतोय!"

"कुणाच्या पोटाची?"

याचे उत्तर देणार, तोच माझ्या कानाजवळ काहीतरी टिक-टिक वाजू लागले. सिद्धू ओरडला, "पळा! खाली काय तरी वाजतंय!" बाग रिकामी झाली. चपला तशाच राहिल्या. दाजी, खरे सांगतो, बाँब कुणी ठेवला याचा विचार मी पण करत होतो. अक्काची आठवण आली. पाय हलवले तर स्फोट होईल म्हणून पायाला चावणारी मुंगीसुद्धा मी झटकली नाही.

मग पोलीस आले. प्राचीताई नावाच्या हवालदार बाई पोटावर झोपून हळूहळू आत आल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता. त्यांनी बॅटरी मारली, माझ्या कानाजवळ पडलेला मोबाईल उचलून वाचला आणि म्हणाल्या, "काका, तुमचा मोबाईल वाजतोय. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिलीय."

दोघा पोलिसांनी पाय धरून मला ओढले. शर्ट आत राहिला, उजवा हात सोलवटला. मंदाकिनीला ठाण्यात बोलावले. ती बनियनवरच्या माझ्याकडे बघून साहेबांना म्हणाली, "पलंगाखालची बॅग काढा म्हटलं तर यांची कंबर धरते. हे कसला घातपात करणार?" या एका वाक्यावर मला सोडले. सुटल्याच्या आनंदात अपमान जाणवला नाही. तो एसटीत जाणवला.

तेव्हा दाजी, या नादाला लागू नका. पुस्तके मी माळ्यावर टाकली आहेत. अक्काला नमस्कार.

आपला,
चिंतामण

ता. क. हा नाद तुला कुणी लावला, असे साहेबांनी विचारले. घाबरून मी तुमचे नाव सांगितले. फोन आला तर हो म्हणा.

ता. क. पुन्हा : पुस्तके माळ्यावरून काढली आहेत. मागच्या दोन चाकांमधले माप तेवढे राहिले. तुम्ही अंगाने सडपातळ आहात. रविवारी इंदापूरला या, मी फाटकाबाहेर उभा राहतो. शर्ट जुना घाला.